विमानाच्या जुन्या फोटोखाली नाव लिहिण्याआधी

संपादक महोदय,

ऑक्टोबर आला की वृत्तपत्रांत, दिवाळी अंकांत आणि मोबाइलवर एक जुना फोटो हमखास फिरू लागतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, त्याचे ते स्मरण. स्मरण व्हायलाच हवे. पण फोटोओळीत ‘हेच ते विमान’ असे लिहिलेले असते आणि वर छापलेले विमान भलतेच असते. काही वेळा तर ते १९३२ साली बनलेलेच नव्हते. दोष कोणा एका वृत्तपत्राचा नाही. चुकीची ओळ एकदा छापली की पुढचा ती उचलतो, शाळेच्या प्रदर्शनात ती लागते आणि दहा वर्षांनी तीच पुरावा म्हणून दाखवली जाते. म्हणून फोटोतले विमान कसे ओळखावे आणि कुठे थांबावे, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

टपालाच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. १९३२ चे विमान डी हॅविलंड कंपनीचे ‘पुस मॉथ’ होते, नोंदणी अक्षरे व्हीटी-एडीएन. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला, तो मात्र ‘लेपर्ड मॉथ’मधून. गोंधळाचे मूळ इथे आहे. दोन्ही विमाने एकाच कंपनीची. दोन्हींचा पंख केबिनच्या वर, दोन्हींच्या नाकात चार सिलिंडरचे उलटे बसवलेले इंजिन, दोन्हींची चाके स्थिर. पण लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडाले २७ मे १९३३ ला. फोटोतले विमान लेपर्ड मॉथ आहे एवढे सिद्ध झाले की १९३२ ही तारीख आपोआप बाद होते.

या दोघांना मापावरून वेगळे करायला जाल तर फसाल. पुस मॉथचा पंखविस्तार ११.२० मीटर, लांबी ७.६२ मीटर. लेपर्ड मॉथचे आकडे ११.४३ आणि ७.४७. एवढासा फरक तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत मोजता येत नाही. पाहायचा तो पंखाचा आकार. पुस मॉथचा पंख मुळापासून टोकाजवळपर्यंत सारख्याच रुंदीचा आणि शेवटी गोलसर. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे स्पष्ट निमुळता होत जातो. फोटो अगदी समोरून काढलेला असेल तर हा निमुळतेपणा दिसणार नाही. मग केबिनमध्ये डोकावावे. पुस मॉथमध्ये वैमानिकाच्या मागे एका प्रवाशाची मुख्य जागा, लेपर्ड मॉथमध्ये वैमानिक पुढे मध्यभागी आणि मागे शेजारी-शेजारी दोन जागा. तेही दिसत नसेल तर ‘पुस मॉथ किंवा लेपर्ड मॉथ’ असे लिहून थांबावे. त्यात काही कमीपणा नाही.

याच प्रसंगासाठी वापरला जाणारा दुसरा फोटो उघड्या कॉकपिटच्या दुपंखी विमानाचा असतो. जेआरडी १९३० मध्ये आगा खान पारितोषिकाच्या शर्यतीत उतरले, ते जिप्सी मॉथ घेऊन. ती शर्यत अस्पी इंजिनिअर यांनी जिंकली. दोन पंख आणि दोन उघडी कॉकपिट दिसली की ते १९३२ चे टपालविमान नव्हे, हे कोणालाही एका नजरेत सांगता येते.

ओळख पटवण्याचे काम नावाने सुरू करू नये. आधी नाव मनात धरले की डोळे त्याच्याच खुणा शोधतात. म्हणून कागद घेऊन जे दिसते तेवढेच लिहावे: पंख किती आणि कुठे बसवलेले, इंजिने किती, चाके स्थिर की आत ओढली जाणारी, कॉकपिट उघडे की बंद, शेपटीचा उभा भाग गोल की टोकदार, शेपटीचा आडवा पंख वर आहे की खाली, पंखांना आधार देणारे दांडे किती आणि कोणत्या दिशेने झुकलेले. जे झाकलेले आहे त्यासमोर ‘दिसत नाही’ असे लिहावे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, कारण माणसाच्या मागे लपलेले चाक आपण नकळत कल्पनेने पूर्ण करतो.

यात सर्वांत बोलका भाग नाक. रेडियल इंजिन असेल तर नाक बोथट, गोल आणि सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. सिलिंडर एका ओळीत असतील तर नाक अरुंद, आणि मग प्रोपेलरचा मध्य किती उंचीवर आहे ते पाहायचे. जिप्सी मॉथमध्ये इंजिन सरळ उभे, त्यामुळे सिलिंडरची डोकी वर उघडी दिसतात आणि प्रोपेलरचा मध्य नाकाच्या खालच्या बाजूला येतो. पुढे डी हॅविलंडने इंजिन उलटे बसवले. सिलिंडर खाली गेले, प्रोपेलरचा मध्य वर आला, आणि वैमानिकासमोरची नाकाची रेषा साफ झाली. मॉथ मेजर आणि टायगर मॉथ हे दोन्ही या उलट्या इंजिनाचे.

त्या दोघांतला फरकही पंखात आहे. मॉथ मेजरचे पंख सरळ, टायगर मॉथचे किंचित मागे झुकलेले. हे रूपासाठी केलेले नव्हते. पुढच्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या प्रशिक्षकाला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्यामुळे बिघडलेला तोल परत आणण्यासाठी पंखांची टोके मागे न्यावी लागली. टायगर मॉथच्या शेपटीच्या आडव्या पंखापुढे, धडाच्या दोन्ही अंगांना, अरुंद पट्ट्या दिसल्या तर फोटो १९४१ नंतरचा समजावा. गिरकीतून विमान बाहेर काढणे सोपे जावे म्हणून युद्धकाळात त्या बसवल्या गेल्या. पट्ट्या नसतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळ्या विमानांवर त्या बसवल्या नव्हत्या.

दोन इंजिनांच्या दुपंखी विमानांत ड्रॅगन आणि ड्रॅगन रॅपिड यांची अशीच अदलाबदल होते. ड्रॅगनचे पंख सारख्या रुंदीचे आणि चाके बहुतेक उघडी. रॅपिडचे पंख निमुळते आणि चाके इंजिनाखालच्या मोठ्या आवरणात झाकलेली. तसेच रूप, पण इंजिने चार असतील तर ते डीएच-८६ (डीएच म्हणजे डी हॅविलंड). टाटांच्या ताफ्यात माइल्स मर्लिनही होते: खाली पंख असलेले, लाकडी, बंद केबिनचे, चाकांच्या पायांवर आवरण चढवलेले. मुंबई–त्रिवेंद्रम मार्ग त्याच विमानाने सुरू झाला. जगात ही विमाने फक्त चार बनली. त्यामुळे सर्वसाधारण पुस्तकांत त्याचे चित्र सापडत नाही आणि लोक जवळचे दिसणारे दुसरे नाव लिहून मोकळे होतात. खरे तर दुर्मीळ विमानाची शक्यता कमी म्हणून ती सोडून द्यायची नसते. ते विमान त्या गावात, त्या कंपनीकडे होते का, हा प्रश्न विचारायचा असतो. जगात चारच असलेले विमान जुहूच्या फोटोत मिळणे अगदी स्वाभाविक आहे.

नोंदणी अक्षरे वाचता आली तर अर्धे काम झाले. भारतीय विमानांवर १९२८ पर्यंत ‘जी-आय’ने सुरू होणारी अक्षरे असत, १९२९ पासून ‘व्हीटी’ आले आणि ते आजही आहे. पुढची तीन अक्षरे साधारण क्रमाने दिली गेली: १९३२ चे व्हीटी-एडीएन, १९४८ मध्ये मुंबई–लंडन सेवा सुरू करणारे मलबार प्रिन्सेस व्हीटी-सीक्यूपी, १९५५ साली समुद्रात कोसळलेले काश्मीर प्रिन्सेस व्हीटी-डीईपी. म्हणजे पहिले अक्षर ‘ए’ आहे की ‘सी’ की ‘डी’ एवढे दिसले तरी दशकाचा अंदाज येतो. मात्र ही अक्षरे विमानाची नोंद कधी झाली ते सांगतात, फोटो कधी काढला ते नाही. फोटो त्यानंतरचा असतो, कधी वीस वर्षांनंतरचा. अक्षरे वाचतानाही सावध राहावे. पुसट फोटोत ‘ओ’ आणि ‘क्यू’, ‘ई’ आणि ‘एफ’, ‘सी’ आणि ‘जी’ एकमेकांसारखी दिसतात. प्रत्येक शक्य वाचन लिहून काढावे आणि त्यातल्या कोणत्या अक्षरांचे विमान फोटोतल्या आकाराशी जुळते ते पाहावे. अक्षरे एक सांगत असतील आणि आकार दुसरे, तर अक्षरे चुकीची वाचली गेली असण्याची शक्यता जास्त.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक खूण. ‘सीआर-आय’ने सुरू होणारी अक्षरे पोर्तुगीज अमलाखालच्या गोवा-दमण-दीवच्या विमानांची. दाबोळीहून १९५५ ते १९६१ या काळात चाललेल्या तिथल्या विमान कंपनीकडे व्हिकर्स व्हायकिंग ही दोन इंजिनांची प्रवासी विमाने होती, आणि त्यांच्या फोटोखाली सर्रास ‘डाकोटा’ (म्हणजे डग्लस डीसी-३) लिहिले जाते. डाकोटाचा पंख धडाच्या तळाशी, त्याची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची जवळपास सरळ. व्हायकिंगचा पंख धडाच्या मध्याजवळ, दोन्ही कडांनी निमुळता होणारा, आणि धड आखूड व जाड.

लष्करी विमानांचे फोटो महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहेत. कोणाचे आजोबा लोहगावला होते, कोणाचे कराचीला. भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला उभे राहिले, ते चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. वापिटी बनवताना जुन्या डीएच-९ए विमानाचे पंख आणि इतर सुटे भाग मुद्दाम वापरले होते, खर्च वाचावा म्हणून. त्यामुळे मागून पाहिले तर दोन्ही जवळपास सारखी. निर्णय नाकावर होतो: डीएच-९एच्या नाकावर मोटारीसारखा सपाट रेडिएटर, वापिटीवर उघडे रेडियल इंजिन. हॉकर कंपनीच्या हार्ट आणि ऑडॅक्सचे नाक टोकदार. त्यांपैकी ऑडॅक्सच्या धुराच्या नळ्या धडाच्या मध्यापर्यंत मागे जातात आणि पोटाखाली जमिनीवरचे निरोप उचलण्याचा आकडा असतो.

अशा विमानांवरच्या वर्तुळाकार चिन्हावरून काळ ठरवता येतो, पण तिथे मोठा धोका आहे आणि तो फिल्मचा. त्या काळची बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला लाल रंग दिसत नसे. लाल भाग फोटोत जवळपास काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा फिका पडतो. हौशी लोकांच्या बॉक्स कॅमेऱ्यात सर्रास जाणारी कोडॅकची व्हेरिक्रोम १९३१ ची. तिची सर्व रंग टिपणारी आवृत्ती थेट १९५६ मध्ये आली. म्हणून युद्धकाळातले पिवळे प्रशिक्षण विमान घरच्या फोटोत काळपट दिसते आणि लोक त्याला रात्री उडणारे बॉम्बफेकी विमान ठरवतात. राखाडी छटेवरून रंग कधीच सांगू नये.

चिन्हाच्या बाबतीत एकटी छटा न पाहता ठिपका आणि कडे यांची आपसात तुलना करावी. मधला ठिपका बाहेरच्या कड्यापेक्षा गडद असेल तर तो लाल असण्याचा संभव मोठा. मधला ठिपका कड्यापेक्षा फिका असेल आणि मध्ये पांढरे कडे नसेल, तर ते ब्रह्मदेश आघाडीच्या काळातले चिन्ह. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्यावर चालू नयेत म्हणून १९४२ च्या मध्यापासून या भागातल्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला गेला आणि नंतर गडद निळ्यात फिका निळा आला. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ निळे अशोकचक्र होते, १९५० पासून केशरी-पांढरे-हिरवे. केशरी कडेही ऑर्थो फिल्मवर गडद येते, पण त्याच्या आत पांढरे कडे असते, त्यावरून ते सुटे करता येते.

वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. सोलापूरच्या या उद्योजकाविषयी लेख येतात तेव्हा सोबत ‘भारतात जुळवलेले पहिले विमान’ म्हणून एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा फोटो लागतो. एचटी-२ उडाले १९५१ मध्ये. त्या कारखान्यात जुळवलेले पहिले विमान अमेरिकन आराखड्याचे हार्लो पीसी-५, ऑगस्ट १९४१ चे. दोन्हींचा पंख खाली, दोन्हींत दोन माणसे एकामागे एक. पण हार्लोच्या नाकात रेडियल इंजिन आणि चाके आत ओढली जाणारी. एचटी-२ चे इंजिन एका ओळीतले, चाके स्थिर. जमिनीवर उभ्या विमानाची चाके आत जाणारी आहेत का हे ओळखायला पंखाखालची पोकळी आणि चाकांच्या पायाला लावलेली झडप शोधावी. त्याच कारखान्याचे प्रेंटिस हे प्रशिक्षण विमान या दोहोंत मिसळू नये, त्याच्या पंखांची टोके वर वळलेली आहेत.

फोटो उलटा छापला गेल्याचे प्रकारही पुष्कळ. निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन केली की डावे-उजवे बदलते. अक्षरे असतील तर लगेच कळते. नसतील तर माणसांकडे पाहावे: कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो, वैमानिकाचे पंखचिन्ह डाव्या खिशाच्या वर असते, आपल्याकडच्या मोटारीचे स्टिअरिंग उजवीकडे असते.

पार्श्वभूमीही साक्ष देते. सुरुवातीच्या वर्षांत पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई आणि टाटांची टपालसेवा पुण्याला येरवड्याच्या मैदानावरून चाले. तेव्हा ‘जुलै, जुहू’ अशी ओळ त्या वर्षांतल्या टपालविमानाखाली दिसली तर महिना किंवा गाव, दोहोंपैकी एक तपासून घ्यावे.

आता वाचकांनी फोटो पाठवताना काय करावे. फोटो कापू नये, अल्बममधून उपटू नये. सहा बाय नऊ सेंटिमीटरचा छोटा प्रिंट १२०० डीपीआयवर (दर इंचाला तेवढे ठिपके), निगेटिव्ह २४०० वर, राखाडी छटांत, टिफ स्वरूपात स्कॅन करावी. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले गाव, क्रमांक, सगळे तिथे असते. अल्बममध्ये चिकटलेल्या फोटोसाठी मोबाइल कागदाला समांतर धरून दोन्ही बाजूंनी तिरका उजेड घ्यावा, आणि आणखी एक फोटो एकाच बाजूच्या अगदी आडव्या उजेडात काढावा. त्यात उठावाचे शिक्के आणि पेन्सिलीचे दाब दिसतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि पहिला बळी शेपटीवरच्या अक्षरांचा जातो.

आणि फोटो ‘स्पष्ट’ किंवा रंगीत करून देणाऱ्या अॅपमधून तो आधी काढू नये, ही कळकळीची विनंती. ती अॅप जे दिसत नाही ते अंदाजाने भरतात. पुसट अक्षराच्या जागी ठसठशीत पण खोटे अक्षर येते, पंखांमधल्या तारा गायब होतात, एका खिडकीच्या दोन होतात. ओळख ज्या खुणांवर उभी असते नेमक्या त्याच बदलतात, आणि मूळ फोटो जवळ नसेल तर फसवणूक उघडही होत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणे थोडेच आहे. जुना फोटो पानावर बसवताना शेपूट आणि पंखांची टोके कापू नयेत. जागा कमी असेल तर आकाश कापावे. फोटोओळीत नावासोबत कारण द्यावे: ‘लेपर्ड मॉथ, पंख निमुळता’, ‘वापिटी, रेडियल इंजिन, अक्षरे अवाच्य’. अक्षरे आणि आकार दोन्ही जुळले तरच नाव ठामपणे लिहावे, फक्त आकार जुळला तर ‘बहुधा’ लिहावे, आणि तेवढेही नसेल तर ‘डी हॅविलंडचे दुपंखी विमान, १९३० चे दशक’ एवढे पुरे. दुरुस्ती आली तर ती छापावीच, शिवाय संकेतस्थळावरच्या मूळ फोटोखालीही लावावी, कारण पुढचा माणूस फोटो तिथूनच उचलणार आहे.

आपला,
विमानांच्या इतिहासाचा एक अभ्यासक, ठाणे